पिंपळखुट्याची चाल

अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या घराला लाकडी कुंपण होतं, पण ते नावालाच. फळ्यांच्या फटींतून पलीकडच्या वॉल्टर आणि ईडिथचं परसदार दिसायचं, त्यांच्या कोंबड्या दिसायच्या, आणि दुपार कलली की त्याच फटींतून त्यांचं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि बँजो आमच्या स्वयंपाकघरात यायचे. राहायला गेलो तेव्हा आईला वाटलं, म्हातारा-म्हातारी रेडिओ मोठ्यानं लावून बसतात. "एकच गाणं किती वेळ लावून राहिले बापा हे लोक," असं ती फोडणी देता देता म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं. ते वाजवायचे त्या ओल्ड-टाइम संगीताची रीतच ती आहे. एक चाल घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून ती गोल गोल फिरवायची, जात्यावर दळण घातल्यासारखी, मन भरेपर्यंत. थांबायचं झालं की म्होरक्या फिडलवाला बसल्या बसल्या एक पाय उचलतो आणि सगळे एकदम थांबतात. चार पाहुण्यांसमोर वॉल्टरला असा पाय वर करताना आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं ओढणी तोंडाला लावली होती.

मी तेव्हा शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत होते. वाजवत होते म्हणजे मागच्या रांगेत बसून पुढच्या मुलींचे गज जिकडे जातील तिकडे माझा नेत होते. एकदा मागच्या पायरीवर सराव करत बसले असताना ईडिथ कुंपणाशी आली, फळीवरून अंडी दिली आणि म्हणाली, "पोरी, कागदाकडे बघून वाजवतेस ना, म्हणून इतकी दुःखी दिसतेस." असं माझं शिक्षण सुरू झालं. वॉल्टरनं पहिल्याच दिवशी माझं नोटेशनचं पुस्तक मिटून कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्यावर ठेवलं, ते तिथंच राहिलं. तो वाजवायचा, मी ऐकून वाजवायचे, चुकलं की पुन्हा. तो कधी रागावला नाही. फक्त एका बाबतीत तो आपल्याकडच्या कुठल्याही खाँसाहेबांइतका कडक होता. चाल वाजवण्याआधी ती कोणाकडून घेतली ते सांगायचं. त्यानं कोणाकडून घेतली तेही सांगायचं. माहीत असेल तिथपर्यंत मागे जायचं, आणि मगच गज तारेवर ठेवायचा. "ही मी हॅरिएटकडून घेतली, हॅरिएटनं तिच्या मामाकडून, मामा कोळशाच्या खाणीत होता आणि डाव्या हातानं वाजवायचा," असं तो एकटा असला तरी कोंबड्यांना सांगायचा आणि मग वाजवायचा. नाव न सांगता वाजवली तर ती चोरी, असं त्याचं सरळ म्हणणं होतं.

आमच्या घरात मात्र नावाचा मामला जरा नाजूक होता. आम्ही बोरकर. विदर्भात बोरकर म्हटलं की लोक समजून जातात, बहुधा बौद्ध. पुण्या-मुंबईच्या माणसाला बोरकर म्हटलं की गोवा आठवतो. बाबांच्या ऑफिसातले कुलकर्णी काका पुण्याचे. पहिल्याच भेटीत त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन जाहीर करून टाकलं, "बोरकर! म्हणजे गोव्याचे तुम्ही. वा, मासे खाणारी माणसं!" बाबा नुसते हसले. त्या एका हसण्यावर आम्ही कित्येक वर्षं गोव्याचे होऊन राहिलो. मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आईच्या वाट्याला सोलकढी यायची. आई वर्ध्याकडची, तिनं उभ्या आयुष्यात आमसूल पाहिलेलं नव्हतं. "हे काय काळं काळं," म्हणत तिनं इंटरनेटवर बघून सोलकढी शिकून घेतली, आणि शिकली तर अशी शिकली की खऱ्या मडगावच्या एका काकू तिला कृती विचारायला आल्या. त्या गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. बाबा हसता हसता मध्येच थांबले होते, हेही मला आठवतं.

त्याला कारण होतं. बॉथेलच्या आधी आम्ही काही दिवस देशाच्या दुसऱ्या टोकाला, एडिसनला होतो. तिथं शेजारच्या एक काकू रोज आईकडे यायच्या, भाजी निवडायला, मालिका बघायला. एक दिवस त्यांची नजर दिवाणखान्यातल्या निळ्या कोटातल्या तसबिरीवर गेली. तसबीर कोणाची ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्या दिवसापासून काकूंचं येणं बंद. भांडण नाही, वाईट शब्द नाही. आईनं पाठवलेला डबा मात्र तसाच भरलेला दाराशी परत आला. बॉथेलच्या घरात तसबीर बेडरूममध्ये लागली आणि दिवाणखान्यात एकटा बुद्ध राहिला. "बुद्धाला कोणी काही म्हणत नाही," बाबा म्हणायचे, "इथं तर लोकांच्या बागेतही असतो, झारीशेजारी." बाबा भित्रे नव्हते. पण ग्रीन कार्डची फाइल अडकलेली होती, ऑफिसला जाणं-येणं कुलकर्णी काकांच्या गाडीतून होतं, आणि माणूस दमतो. हे आता कळतं. पंधराव्या वर्षी मला त्यांचा नुसता राग यायचा.

आमच्या घरातला रविवार म्हणजे इस्त्री. इस्त्रीचं टेबल विकत आणलेलं असूनही बाबा जमिनीवर घोंगडी घालून, मांडी ठोकून आठवड्याचे शर्ट इस्त्री करायचे आणि शीळ घालायचे. चाल नेहमी एकच. सुरुवातीला चढायची, मधेच एका ठिकाणी टुणकन उडी मारायची आणि हळूहळू खाली उतरायची. गाणं कुठलं म्हणून मी कधी विचारलं नाही. आई पलीकडे भरीत भाजत असायची, शेंगदाण्याची चटणी कुटत असायची, आणि तिच्या बत्त्याचा ठोका नकळत त्या शिळेवर बसायचा. आजही मला भाजलेल्या वांग्याचा वास आला की ताज्या इस्त्रीचा वास येतोच.

वॉल्टरची चौघांची मंडळी होती. तो फिडलवर, ईडिथ बँजोवर, आणि त्यांचे दोन मित्र, एक गिटारवर आणि एक माणसाएवढ्या उभ्या बासवर. दर वसंतात ते वॉल्टरच्या दिवाणखान्यात कार्यक्रम करायचे. माईक नाही, स्पीकर नाही, दाटीवाटीनं मांडलेल्या खुर्च्या आणि गुडघ्याला गुडघे लागतील इतक्या जवळ वाजवणारे. त्या वर्षी नेमका त्याच्या घरातला पाइप फुटला आणि सगळी जमीन उखडावी लागली. "कॅन्सल कशाला करता? आमच्याकडे करा," आई कुंपणावरून म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की घरी कार्यक्रम करायचा तर आपल्या माणसांनाही बोलवावं लागणार. वॉल्टरनं आनंदानं तिचा हात हलवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मग एक चाल यजमानीणबाई वाजवणार. माझ्याकडची नको. तुझ्या घरातली."

घरातली म्हणजे मला एकच ठाऊक होती. मी शीळ आठवत ती वाजवून दाखवली. उडीच्या जागेवर वॉल्टरनं भुवई उंचावली. "इथं एक स्वर गळलाय का?" मी म्हटलं, बाबा अशीच शीळ घालतात. "मग हात लावू नकोस. वाकड्या चाली सरळ करायच्या नसतात." ईडिथनं त्या चालीसाठी बँजोच्या खुंट्या पिळून तारा मुद्दाम वेगळ्या लावल्या. मग वॉल्टरनं त्याचा प्रश्न विचारला. कोणाकडून आली? बाबांकडून. आणि त्यांना? मला सांगता येईना. "विचारून ये," तो म्हणाला.

मी रविवारी घोंगडीशेजारी बसले आणि विचारलं. बाबांचा हात शर्टाच्या बाहीवर थांबला. "माझ्या बाबांची आहे," ते म्हणाले, आणि मग जे बोलत सुटले ते इस्त्री पार गार होईपर्यंत. माझे आजोबा सीताराम, बाबा शाळेत असतानाच गेलेले. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी, आणि सवड मिळाली की सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून गावोगाव आंबेडकरी जलसा. पोरांना शाळेत घाला, मेलेली ढोरं ओढू नका, कोणापुढे वाकू नका, हे सगळं गाण्यातून सांगायचं. लोक जमेपर्यंत आजोबा पेटीवर ही चाल वाजवायचे. चाल ऐकू आली की बायका चुली विझवून यायच्या. बाबा पुढच्या दांडीवर बसून प्रत्येक गावाला गेलेले. इतकं असूनही त्यांनी मला आजवर काही सांगितलं नव्हतं. मी थक्क होऊन ऐकत होते.

"वाजव तू," शेवटी ते म्हणाले. "पण नाव माझंच सांग. तिथंच थांब."

"बट बाबा, वॉल्टरचा रूल आहे. मागे जायचं असतं."

"उज्जू, मागे गेलं की गाव येते, गावाच्या मागे वस्ती येते. सोमवारी काकांच्या गाडीत मला बसायचं आहे, तुला नाही."

मी हो म्हटलं. पण मला ते पटलेलं नव्हतं. आजोबांचं नाव गिळून त्यांची चाल वाजवायची, म्हणजे वॉल्टरच्या हिशेबानं मी माझ्याच आजोबांच्या घरी चोरी करणार होते.

कार्यक्रमाच्या दिवशी आईनं नेहमीची युक्ती केली. अमेरिकन लोकांना तीनची वेळ दिली, आपल्या लोकांना दोनची. आणि जन्मात पहिल्यांदाच आपली सगळी माणसं दोनला हजर झाली. त्यांना तासभर पोहे खाऊ घालत गप्पांत ठेवावं लागलं. कुलकर्णी काका निवेदन करायचं म्हणून सिल्कचा झब्बा घालून आले होते. त्यांना निवेदन कोणी सांगितलेलं नव्हतं. ओट्यावर मोठ्या पातेल्यात आईनं गोळाभात, डाळीचे गोळे घालून शिजवलेला भात, केला होता, वर ओतायला मोहरीची फोडणी दिलेलं तेल. कुलकर्णी काकूंनी झाकण उघडून विचारलं, "हे गोव्याकडचं का हो?" आई म्हणाली, "आमच्याकडचं." त्यानंतर तिनं सोलकढी केली नाही, हे मला फार नंतर ध्यानात आलं.

मग वाजायला लागलं. आधी ब्लूग्रास नावाचा प्रकार, त्यात पाळीपाळीनं एकेकानं पुढे सरकून आपली करामत दाखवायची आणि बाकीच्यांनी मागे होऊन त्याला वाट द्यायची. ईडिथची बोटं बँजोवर अशी पळायला लागली की काकांना राहवेना. "क्या बात है! वाहवा!" ते भर चालीत ओरडले. अमेरिकन श्रोते दचकले, कारण त्यांची दाद शेवटी टाळ्यांनी. पण ईडिथ अशी खुलली की पुढच्या वेळी समोरच्या लाल स्वेटरवाल्या आजींनीही घाबरत घाबरत "वावा" म्हणून पाहिलं. काकांच्या बाबतीत हे सांगायलाच हवं. माणूस दाद द्यायला कधी कमी पडला नाही. खुर्च्या, मांडीवरची मुलं, खिडकीबाहेरची भुरभुर आणि बासच्या ठोक्यानं पायाखाली हलणारी आमची लाकडी जमीन. आमचं घर इतकं भरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग वॉल्टरनं मला बोलावलं. मी उभी राहिले, फिडल खांद्याला लावलं आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, "ही चाल मी माझ्या बाबांकडून घेतली. प्रकाश बोरकर." आणि थांबले. गज तारेवर ठेवणार तोच वॉल्टर, बिचारा, त्याच्या रोजच्या सवयीनं म्हणाला, "आणि त्यांनी कोणाकडून घेतली?"

मी बाबांकडे पाहिलं. ते स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. मी काहीतरी थाप मारणार होते, जिभेवर आलीही होती. बाबांनी ट्रे काकूंच्या हातात दिला, अगदी नीट, चहा न हिंदकळता. मग ते वॉल्टरला इंग्रजीत म्हणाले, "माझ्या वडिलांकडून. ते गावोगाव जाऊन गायचे." वॉल्टरनं मान डोलावली. त्याच्यापुरतं उत्तर झालं होतं. तेवढ्यावर सुटताही आलं असतं. पण बाबा आपल्या माणसांच्या खुर्च्यांकडे वळले. "आता आपल्या लोकांसाठी मराठीत सांगतो. माझे वडील सीताराम गोविंदा बोरकर. मुक्काम पिंपळखुटा, जिल्हा वर्धा. गावात नाही. गावाबाहेर, महारपुऱ्यात. त्यांचा आंबेडकरी जलसा होता. त्यांच्या पेटीची एक पट्टी मुकी होती. नागपूरला नेऊन दुरुस्त करायला सवड झाली नाही, म्हणून त्यांनी चालीलाच तिथून उडी मारायला शिकवलं. उज्ज्वला आता ते वाजवेल. जयभीम."

ईडिथला तेवढ्यात तारा लावून घ्यायच्या होत्या, ती कान लावून खुंट्या पिळत बसली आणि त्या टिंग टिंग आवाजात आई उठून आत गेली. बेडरूममधून तिनं ती तसबीर आणली, ओढणीनं काच पुसली आणि फायरप्लेसवर बुद्धाशेजारी उभी केली. अजिबात घाई न करता. मग पुन्हा जागेवर येऊन बसली आणि मला म्हणाली, "कर सुरू."

मी सुरू केलं. पहिला फेरा मी एकटीनं वाजवला. दुसऱ्या फेऱ्याला ईडिथ आली, तिसऱ्याला वॉल्टर, गिटार आणि बास, आणि उडीच्या जागी चौघांनीही माझ्याबरोबर अचूक उडी मारली, जणू प्रत्येकाच्या वाद्याची तीच पट्टी मुकी होती. चाल फिरत राहिली. वॉल्टर पाय उचलेना. मी बाबांकडे बघत वाजवत होते. ते दारात सरळ उभे होते, हात मोकळे, मान वर. मी त्यांना ऑफिसच्या पार्टीत पाहिलं होतं, विमानतळावर व्हिसाच्या रांगेत पाहिलं होतं. हा माणूस तिथं कुठंच नव्हता. माझी छाती अभिमानानं इतकी भरून आली की हनुवटीखालचं फिडल ओलं झालं. अभिमान हा शब्द मी पुढे शाळा-कॉलेजच्या समारंभांत पुष्कळदा ऐकला. पण माझ्यासाठी त्याचा अर्थ तेव्हाच ठरून गेला.

मध्यंतरात एक कुटुंब घाईचं निमित्त सांगून न जेवता गेलं. आईनं त्यांची ताटं उचलून ठेवली आणि बाकीच्यांना वाढायला लागली. ते लोक पुन्हा कधी आले नाहीत. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. कुलकर्णी काका मात्र गोळाभाताची ताटली घेऊन बाबांना शोधत स्वयंपाकघरात आले. चेहरा पडलेला.

"अहो बोरकर, इतकी वर्षं एका गाडीत बसलो आपण. मी आपला गोवा गोवा करत राहिलो. सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं कुठं, काका?" बाबा म्हणाले. "तुम्ही तर सांगितलं."

काकांनी खाली बघत भात कालवला. मग म्हणाले, "चुकलं माझं." आणि ताटली पुढे करून, "तेल आणखी आहे का?" आईनं पळीभर ओतलं. सोमवारी सकाळी त्यांची गाडी दाराशी आली आणि बाबा जाऊन बसले. त्या दिवशी गाडीत काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही, पण त्यानंतर काका मला भेटले की आजोबांच्या जलशाबद्दल विचारायचे, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यायचे. ही त्यांच्यात नवी गोष्ट होती.

वॉल्टरनं बाबांकडून नावं पाठ करून घेतली. त्याच्या तोंडी 'पिंपळखुटा' बसायला वेळ लागला, पण बाबांनी सोडलं नाही आणि त्यानंही सोडलं नाही. त्यांच्या मंडळींनी ती चाल त्याच नावानं उचलली आणि जिथं वाजवली तिथं आधी सगळी नावं घेतली. मला वाटलं होतं, वॉल्टर आणि ईडिथपुरतंच राहील ते.

नंतर एका उन्हाळ्यात आम्ही डोंगरापलीकडच्या एका गावात फिडलच्या मेळाव्याला गेलो होतो. मैदानभर तंबू, झाडाझाडाखाली चार-चार माणसं वाजवत बसलेली. बाबा आणि मी भाजलेली कणसं खात हिंडत होतो. एका झाडाखाली माझ्याहून लहान, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके असलेली एक मुलगी फिडल खांद्याला लावून उभी होती. आम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तिनं आम्हाला नाही. "ही पिंपळखुट्याची चाल," ती म्हणाली. "मी माझ्या मावशीकडून घेतली. तिनं बॉथेलच्या वॉल्टरकडून, वॉल्टरनं उज्ज्वला बोरकरकडून, तिनं तिचे वडील प्रकाश यांच्याकडून, आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून, सीताराम गोविंदा बोरकर." आणि तिनं गज ठेवला.

बाबांनी हातातलं कणीस खाली केलं. शेजारी गवतावर बसलेला एक म्हातारा त्यांच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "छान आहे, नाही? ओळखीची आहे का?"

"हे माझे वडील," बाबा म्हणाले.